दानदात्यांच्या पाटीवर तुझं नाव

आत्या,

त्या दिवशी मी पैसे मागितलेच नव्हते.

एवढं एक वाक्य तुला सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती. त्या काळात तू भद्रावतीला आमच्याकडे कितीदा तरी आलीस. मूल गावाहून निघायचं, चंद्रपूरला एसटी बदलायची, आणि आमच्या दारात चपला काढता काढता विचारायचं, "मॅडम आहेत का घरी?" मॅडम म्हणजे मी. प्रत्येक वेळी मी ठरवायचे, आज जेवणं झाली की सांगू. जेवणं झाली की तू बाबांशी बोलत बसायचीस आणि मी भांडी घासायला घ्यायचे. भांडी घासणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

आता तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. या सव्वीस दिवसांत मी हे वाक्य बऱ्याच लोकांना सांगून बसले आहे. ज्यांना मी नीट ओळखतही नाही अशा लोकांना. तुलाच तेवढं सांगायचं राहिलं.

लोकांना तू गायिका पंचफुलाबाई होतीस. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, महिला मेळाव्याला पेटी घेऊन बसणारी, भीमगीतं म्हणणारी. मला मात्र तुझं गाणं बरीच वर्षं नीट ऐकूच आलं नाही, कारण मला तुझी लाज वाटायची. हेही आज लिहूनच टाकते. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत मी हळू बोलायला शिकले होते, आणि तुला हळू बोलताच यायचं नाही. नववीत असताना माझी एक मैत्रीण घरी आली होती आणि तू बाहेरच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी बोलत होतीस. "नाई, नाई, भाऊ. ढोलकीवाल्याचे अलग अन कोरसवाल्या बायांचे अलग. जीपचं भाडं तुम्हीच द्यान." मी उठून मधलं दार लावलं. तू ते पाहिलंस. मैत्रीण गेल्यावर अंगणात तांदूळ निवडताना एवढंच म्हणालीस, "दार काऊन लावलं वो मॅडम? चांगली हवा येऊन राह्यली होती."

मी म्हटलं, पंखा लावला होता म्हणून.

"हौ, पंखा," तू म्हणालीस आणि खडा काढून बाजूला ठेवलास.

तुझ्या दोन नोकऱ्या होत्या. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, आणि कार्यक्रम असला की गाणं. दोन्हीकडे जे मिळायचं त्याला मानधन म्हणायचे. पगार हा शब्द तुझ्या वाट्याला कधी आला नाही. हे माझ्या लक्षात आलं ते कॉलेजात. कामगारांच्या योग्य वेतनावर मी इंग्रजीतून भाषण केलं, बक्षीस मिळालं, आणि ते तुला फोनवर सांगितलं. तू विचारलंस, "का बोलली?" मी मराठीत सांगायचा प्रयत्न केला. ऐकून तू म्हणालीस, "हे त आमच्याकडे येऊन बोलाले पायजे. तिथी कोणाले सांगतलं तू?" तिथे होते परीक्षक, आणि समोर बसलेली तीस-चाळीस मुलं. तुझ्याकडे येऊन बोलायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, तेच तर आता सांगते आहे.

तुझ्या संचाचा एक नियम होता. मंचावर बसल्यावर गाणाऱ्याने पैशाचं बोलायचं नाही. फोनवर भाव करायचा, इसार घ्यायचा, तोही कितीही मोठ्या आवाजात. पण एकदा पेटी उघडली की त्या दिवशी तुझ्या तोंडून रुपया हा शब्द निघायचा नाही. शेवटचं गाणं उरलं की आपल्यातला एक माणूस उठून समितीकडे जाणार, उरलेले पैसे घेणार आणि येऊन तुझ्या डाव्या बाजूला बसणार. तो बसला की तू शेवटचं गाणं सुरू करायचीस. आयोजकांकडेही याला जोडून एक पद्धत असते, ती मला आता कळली. पाकीट तयार असतं, खजिनदाराच्या खिशात असतं, पण तो स्वतःहून देत नाही. सगळ्यांसमोर कलाकाराच्या हातात पैसे ठेवणं बरं दिसत नाही म्हणून. त्यामुळे मागणारा माणूस लागतोच.

मामाजी होते तोवर ते काम त्यांचं, म्हणजे तुझ्या घरच्या माणसाचं, होतं. ते गेल्यावर तू देवाजीभाऊंना सांगून पाहिलंस. ढोलकीवर तुझ्यासोबत वीस वर्षं बसलेला माणूस, पण हे काम नको म्हणाले. "मी मागतले त म्हणतीन, ढोलकीवाला त आमच्या गावातबी आहे. मले नोको पाठवू बाई." मग तुझी नजर माझ्याकडे वळली.

"मॅडमले नेऊ," तू म्हणालीस. "इंग्लिश शिकलेल्या पोरीले नाई म्हणाची कोणाची हिंमत आहे?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला नाहीही म्हणता येत नाही.

आपण गेलो ते गाव सावली तालुक्याच्या गावापुढचं. नवीन विहाराचं उद्घाटन होतं, कार्यक्रम दुपारचा. एकूण सात हजार ठरले होते, दोन इसार म्हणून आले होते, पाच राहिले होते. जाताना जीपमध्ये देवाजीभाऊ मला शिकवत होते. "गुरुजी भेटतीन. रिटायर मास्तर आहेत, समितीचे खजिनदार, भला माणूस. फक्त एवढंच म्हणायचं, गुरुजी, आमचं पाहता का जरा. झालं. पैशाचं नाव बी घ्या लागत नाई." मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. गुरुजी, आमचं पाहता का जरा. प्रमाण मराठीत म्हणू की त्यांच्यासारखं, हेही ठरेना.

विहार छोटंसं होतं, पांढरं, ताज्या रंगाच्या वासाचं. बाहेरच्या मंडपात बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. सूत्रसंचालन करणारा माणूस मध्येमध्ये देणगीदारांची नावं वाचत होता. कोणी सिमेंट दिलं होतं, कोणी खिडक्या, कोणी धानाचं पोतं विकून आलेले पैसे. एका म्हातारीने शेळी विकून दिलेले पैसे त्याने वाचले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते ऐकत होते. या लोकांकडे मी पैसे मागायला जाणार होते.

त्या दिवशी तू फार चांगली गायलीस. मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं, कारण प्रत्येक गाण्यानंतर माझी वेळ जवळ येत होती. मग तू पेटीवरून माझ्याकडे पाहिलंस. मी उठले. मंडपाच्या मागे गुरुजी दोन माणसांशी जनरेटरबद्दल बोलत उभे होते. मी जाऊन उभी राहिले. कोणी पाहिलं नाही. मी आणखी थोडी पुढे सरकले. गुरुजी वळले, हसले आणि म्हणाले, "का पायजे बाई? पाणी?"

मी म्हटलं, "हो. पाणी."

त्यांनी लगेच आतून थंड पाण्याची बाटली आणून दिली. ती घेऊन मी परत आले, तुझ्या डाव्या बाजूला बसले, बाटली तुझ्यापुढे ठेवली. तू भुवई उंचावून विचारलंस. मी मान हलवली, नाही अशी. मला म्हणायचं होतं, मला जमलं नाही. तू समजलीस, त्यांनी नाही म्हटलं. तू दोन घोट पाणी प्यालीस आणि शेवटचं गाणं सुरू केलंस. ते सोडलं नाहीस, आटोपतंही घेतलं नाहीस, पूर्ण कडव्यांसकट म्हटलंस.

परतीच्या जीपमध्ये तू विचारलंस, "का म्हणले गुरुजी?"

इथे मी खरं बोलू शकले असते. जीप परत वळवता आली असती. पण कोरसच्या दोघी, देवाजीभाऊ, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडून एक तयार वाक्य निघालं. "म्हणाले, समाजाचं काम आहे, त्याचे पैसे कसले."

हे वाक्य मी बनवलं नव्हतं. तुझ्याच तोंडून ते अनेकदा ऐकलेलं होतं. कुठल्या कुठल्या समित्यांनी तुला ते ऐकवलेलं होतं, म्हणून तर ते तुला लगेच पटलं. गुरुजी बोलले नव्हते, पण बोलू शकले असते असं तुला वाटलं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

 मग म्हणालीस, "गवंड्यानं घेतले. मंडपवाल्यानं घेतले. जनरेटरवाला त आधी घेतल्याशिवाय बटन दाबत नाई. आमच्याच वेळी काऊन समाज आठवते यायले?"

देवाजीभाऊ म्हणाले, "जाऊ दे बाई. विहाराचं काम होतं."

"विहाराचंच होतं ना? मंग विहारात खोटं काऊन बोलले? फोनवर सात म्हणले होते." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "तुले काई टाकून नाई ना बोलले, बेटा?"

मी नाही म्हटलं. त्या प्रश्नानंतर खरं सांगणं आणखी अवघड झालं.

दुसऱ्या दिवशी तू देवाजीभाऊंचे आणि कोरसच्या दोघींचे पैसे स्वतःच्या घरून दिलेस, जीपवाल्याचेही. त्यांनी नको म्हटलं तरी दिलेस. आणि त्यानंतर ज्या ज्या गावाला गेलीस तिथे सांगितलंस, की सावलीकडच्या त्या गावाने आमचे पैसे बुडवले.

महिन्याभराने त्या गावाहून एक पत्रिका आली. दानदात्यांच्या नामफलकाचं अनावरण, आपली उपस्थिती प्रार्थनीय. तू माझ्याकडून ती वाचून घेतलीस आणि म्हणालीस, "पाय, आता परत फुकटात बोलावून राह्यले." पत्रिकेच्या मागच्या बाजूला तू अंगणवाडीचा हिशेब लिहिलास.

त्या अपराधापायी की काय, मी तुला एक दरपत्रक करून दिलं होतं. कॉम्प्युटरवर, छान चौकटी आखून. गायिका इतके, ढोलकी इतके, कोरस इतके, प्रवास, सराव, रद्द झाल्यास निम्मे. खाली इंग्रजीत अटी. तू चष्मा लावून ते पाहिलंस.

"हे सराव का लिहिलं? सरावाचे बी पैसे?"

"द्यायला पाहिजेत."

"देवाजी आमच्याकडे सरावाले येते त भाकर खाऊन जाते. त्याचे मलेच त्याच्याकडून घ्या लागतीन." कोरसच्या दोघी हसल्या. मग तू गायिकेच्या चौकटीवर बोट ठेवलंस. "अन माह्ये जास्त काऊन लिहिले?"

"तू मुख्य गायिका आहेस. लोक तुला ऐकायला येतात."

"अन ढोलकी नसली त मी का टाळ्या वाजवत गाऊ? सगळ्याइचे बरोबर लिही."

मी म्हटलं, सगळ्यांना सारखेच हे चुकीचं आहे. तू म्हणालीस, तुझं शिक्षण चुकीचं आहे. तो वाद आपण कधीच मिटवला नाही. दर वेळी तू आलीस की मी एकदा तरी काढायचे, आणि तू म्हणायचीस, पुढच्या खेपेला सांगतो तुले. माझं अजूनही म्हणणं आहे की तुझे जास्त हवे होते. आता तू उत्तर देणार नाहीस म्हणून मी जिंकले असं काही मला वाटत नाही.

आणि तुझं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी गुरुजी आले.

तुझ्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. त्रिसरण-पंचशील झालं, मग दोन-तीन लोक बोलले. गुरुजी मागे बसले होते, गुडघा दुखत असल्यामुळे खुर्चीवर. ते उठले तेव्हा देवाजीभाऊ माझ्या शेजारी ताठ झाले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. तर गुरुजी हात जोडून म्हणाले, "पंचफुलाबाईबद्दल मले एकच सांगाचं आहे. आमच्या विहाराच्या कार्यक्रमात बाईनं मानधन घेतलं नाई. पाकीट माह्या खिशात होतं. बाईचं माणूस मागाले येईन म्हणून मी वाट पाह्यली. कोणीच नाई आलं. मी समजून गेलो का बाईनं विहाराले दान केलं. दान देणाऱ्याले विचाराचं नसते. म्हणून आम्ही दानदात्याच्या पाटीवर बाईचं नाव कोरलं. आजूबाजूच्या सगळ्या गावात मी सांगतो, कलाकार असावा त असा. मंग मले आयकाले आलं का बाई म्हणते, आम्ही पैसे बुडवले. आता बाई नाई आहे. मी भांडाले नाई आलो. मले समजत नाई, येवढंच सांगाले आलो."

ते बसले.  देवाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, काहीतरी जुळवत असल्यासारखं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं, असं मला वाटतं.

मला एक गोष्ट तेव्हाच उमगली. गेल्या दोन-तीन वर्षांत तुला कित्येकदा फोन यायचे आणि लोक म्हणायचे, सावलीकडे त तुम्ही फुकटात गेल्या होत्या, मंग आमच्याकडून काऊन घेता? तू चिडून म्हणायचीस, फुकटात नाई गेली, बुडवले त्याइनं. हे फुकटाचं कोण पसरवतं, तुला कळायचं नाही. ते गुरुजी पसरवत होते, तुझं कौतुक म्हणून.

त्या दिवशी मी उभी राहिले नाही. हेही खरं तेच सांगते. सगळे तुझ्या फोटोसमोर बसले होते, मेणबत्त्या लावलेल्या होत्या. पुढच्या रविवारी मी देवाजीभाऊंना म्हटलं, मला त्या गावाला न्याल का. त्यांनी मोटारसायकल काढली. वाटेत एकदाच बोलले. "तू मागतलेच नव्हते ना?"

"नाही."

"मले तवाच वाटलं होतं. पाणी आणलं ना तू. ज्यानं पैसे नाई दिले तो थंडी बाटली कायले देईन?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीले बाईसमोर खोटी पाडू का?" असं म्हणून त्यांनी गिअर बदलला.

पाटी विहाराच्या ओसरीत, दारातून आत जाताना उजव्या हाताला आहे. काळा दगड, पांढरी अक्षरं. खिडक्या देणाऱ्याच्या खाली आणि बोअरचा पाइप देणाऱ्याच्या वर. गायिका पंचफुलाबाई आणि संच, रुपये पाच हजार. तीन वर्षं तिथे तुझं नाव होतं, आणि तू त्या गावाच्या रस्त्याने जाताना जीपमध्ये तोंड फिरवून बसायचीस.

मी गुरुजींना त्या पाटीसमोरच सांगितलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा "आं?" केलं, आणि मला ते तीनदा सांगावं लागलं. ऐकून ते ओसरीच्या पायरीवर बसले.

"म्हणजे तीन वर्षं बाई मले चोर समजत होती."

"हो."

"अन मी तिले दानी समजत होतो." ते थोडंसं हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "अन मी तुले पाणी दिलं."

देवाजीभाऊ म्हणाले, "बाईनं आमचे पैसे आपल्या घरून दिले, गुरुजी. तशी पाटी खोटी नाई."

तेव्हा मी बोलले. कसं बोलले कोण जाणे. "खरीही नाही. दान देणाऱ्याला आपण देतो आहोत हे माहीत असायला पाहिजे. ते तिचं मानधन होतं. ते द्यायचं राहिलं आहे."

 गुरुजी म्हणाले, "हे समितीसमोर सांगा लागीन."

त्याच दुपारी सतरंजीवर समिती बसली, चार पुरुष आणि दोन बायका. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाण्यापाशी आले तेव्हा एक काका हसू दाबत होते, आणि मला त्यांचा राग आला नाही. पैसे द्यायचे यावर वाद झाला नाही. गुरुजींनी घरी जाऊन पाच हजारांचं पाकीट आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी राहू द्या म्हणाले नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे. त्याचं काय करायचं ते बाबांना आणि मला अजून सुचलेलं नाही. ते तुझे आहेत, एवढंच कळतं.

वाद झाला तो पाटीवरून. एकाचं म्हणणं, दान परत गेलं तर नाव काढलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही बोट दाखवेल. तेव्हा त्या दोघींपैकी वयाने मोठ्या बाई बोलल्या. "गायली ना ते इथी? मी समोर बसली होती. नाव राहू द्या. पैशाचा आकडा काहाडा."

तसंच ठरलं. दगडावरचा आकडा छिन्नीने काढतील. तुझं नाव राहील, पुढची जागा मोकळी राहील. आत्या, हे तुला आवडलं असतं की नाही मला सांगता येत नाही. मला आवडलं.

मी उठणार, तर त्याच बाई म्हणाल्या, "थांब वो पोरी. तुहे पैसे भेटले. आमचं का?"

मला समजलं नाही.

"माह्या बहिणीच्या सासरी मले तोंडावर म्हणलं, तुमचं गाव कलाकाराचे पैसे खाते. भरल्या पंगतीत. मी का तोंड दाखवलं असन तिथी? बाईनं गावोगाव सांगतलं. आता बाई त जाऊन सांगू शकत नाई."

गुरुजी म्हणाले, "जाऊ दे, लेकरू आहे."

"लेकरू नाई आहे," त्या म्हणाल्या. "शिकलेली आहे."

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, मी सांगते.

म्हणून आता तुझा फोन माझ्याकडे आहे. देवाजीभाऊंना आठवत होतं त्यावरून आम्ही गावांची यादी केली, जिथे जिथे तू ते बोलली होतीस. नऊ गावं. रोज ऑफिसातून आल्यावर एक फोन करते. आधी जयभीम, मग माझं नाव, मग तू गेल्याची बातमी, कारण काहींना ती कळलेलीच नाही. आणि मग ते वाक्य, की त्या गावाने पैसे बुडवले नव्हते, मागायला मी गेले होते आणि मी मागितले नाहीत. आत्या, प्रत्येक फोनवर मी तुझं बोलणं खोडून काढते आहे. तू ज्या तावाने, ज्या खात्रीने ते सांगितलं असशील, ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. तू खोटं बोलली नव्हतीस. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. हेही मी प्रत्येकाला सांगते.

एका गावातल्या माणसाला काही आठवतच नव्हतं. एका बाईंनी मला चांगलंच झापलं आणि मग तुझ्यासाठी रडल्या. काल सहावा फोन केला. मुलचेऱ्याकडचं गाव. मंडळाचा अध्यक्ष तरुण आहे, आवाजावरून तरी. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"असं झालं का," तो म्हणाला. "बाईनं आमच्याकडे सांगतलं होतं ना ताई, तवा आमच्या पोराइले लय वाईट वाटलं. आमच्या मंडळाचा तवापासून ठराव आहे. कलाकार आला का आधी पूर्ण पाकीट, मंग माईक. बाईलेबी तसेच दिले, मंग दुसरे आले त्याइलेबी."

 माझ्या खोट्यामुळे तुला कितीतरी गावांतून फुकटाचे फोन आले होते, आणि त्याच खोट्यामुळे एका गावात तुला पहिल्या गाण्याच्या आधी पैसे मिळाले होते. तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मंग आता ताई, ते बुडवल्याचं काई खरं नाई निघालं. त आमचा ठराव ठेवाचा का काहाडाचा? पोरं म्हणतात, कार्यक्रम झाल्यावर कोणी मागाले आलं का देऊन टाकत जाऊ. पह्यलेसारखं."

"ठेवा," मी म्हणाले.

"काऊन पण?"

"मागायला येणारं माणूस माझ्यासारखं असू शकतं."

 तो म्हणाला, "हौ. हे बी आहे."